उग्र सुगंधालयाची भुआ

भुआला कुणी नमस्कार केला तर ती हात जोडत नसे. समोरच्याचा उजवा हात धरायची, उलटा करायची आणि मनगट नाकाशी न्यायची. मग जे कळलं ते तिथेच, चारचौघांत, मोठ्याने सांगून टाकायची. “बडीशेप खाईसन दारूना वास जास नही, भाऊ.” दुकानातले लोक हसायचे. ज्याला बोलली तो माणूस नंतर त्या गल्लीतून जाताना पलीकडच्या बाजूने जायचा. तळोद्याच्या बाजारपेठेतल्या निम्म्या पुरुषांनी तिला नमस्कार करणं सोडून दिलं होतं. तिला त्याचं काहीच वाटत नसे. “खोटं बोलानी सवय तोंडले ऱ्हास, आंगले नही,” असं ती म्हणायची आणि पुन्हा आपल्या बाटल्यांकडे वळायची.

घराणं मारवाडी जैन, दोन पिढ्यांपूर्वी खानदेशात येऊन स्थिरावलेलं. तिचं लग्न राजस्थानात झालं होतं. तिकडे ती फार थोडी राहिली. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, भाऊ जाऊन तिला घेऊन आला. भावाच्या मुलांची ती भुआ, म्हणजे आत्या, आणि मुलांचं ऐकून सगळं गाव तिला भुआ म्हणू लागलं. भावाला आम्ही मोठे शेठ म्हणायचो. त्यांचं किराण्याचं मोठं दुकान होतं. बहीण रिकामी बसून रडू नये म्हणून त्यांनी दुकानाचा एक कोपरा तिच्याकडे दिला. धूप, अगरबत्ती, आणि कनोजहून येणारी मोगरा, गुलाब, खस अशी नेहमीची अत्तरं. भुआ रडली नाही. तिने काही वर्षांत त्या कोपऱ्याचं स्वतंत्र दुकान केलं आणि कनोजच्या अत्तरांत आपल्या हातचं काही मिसळायला लागली.

पाटी रंगवणाऱ्याने नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, “गोड वासनी दुकानं गावमा भलती शेत. तू लिख, उग्र.” त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने दोनदा विचारलं. शेवटी हिरव्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत ‘उग्र सुगंधालय’ लिहून तो गेला. गावात त्याचं ‘उग्रवाद्यांचं दुकान’ व्हायला वेळ लागला नाही. मोठे शेठ हे ऐकून चिडायचे. भुआ मात्र पत्ता सांगताना तेच सांगायची.

मी कोरीट गावची. लग्न होऊन तळोद्यात आले, बी.कॉम. झालेली होते आणि घरात बसवत नव्हतं. त्या वेळी भुआच्या अत्तरांना बाहेरगावाहून मागणी सुरू झाली होती. मोबाइलवर मुंबई-पुण्याच्या लोकांशी बोलायला, पार्सलं करायला तिला कुणीतरी हवं होतं. पहिल्या दिवशी तिने माझंही मनगट हुंगलं. “भाकर करीसन उनी,” म्हणाली. सेंट लावून आली असतीस तर दारातूनच परत पाठवली असती, असंही म्हणाली. पगाराचं बोलणं त्यानंतर झालं.

तिची अत्तरं लोकांना डिवचायची, आणि ती तशीच असावीत असं तिला वाटायचं. ‘पथारी’ नावाचं एक होतं. नंदुरबारच्या बाहेर मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्यांवरून वारा आला की जे होतं ते त्यात होतं. लावल्याबरोबर नाक चुरचुरायचं, डोळे भरायचे, आणि मग हळूहळू एक उन्हाचा, तांबडा, गोडसर वास अंगावर राहायचा. ‘मोह’ होतं. आणि सगळ्यांत बदनाम ‘धनी’. त्यात तंबाखू होती, खोबरेल होतं, दिवसभर घातलेल्या शर्टाची कॉलर होती. ज्यांचे नवरे गुजरातेत ऊसतोडीला गेलेले असत अशा बायका पदराआड लपवून ती बाटली न्यायच्या. पेठेतली एक बाई मात्र नेलेली बाटली दुसऱ्या दिवशी परत घेऊन आली. “घरमा एक शे, तोच पुरे,” म्हणाली. भुआ इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिला तशी हसताना मी फार वेळा पाहिलेली नाही.

‘मोह’वरून एकदा दारूबंदीचे दोन साहेब आले. डोंगरातून जीपने उतरणाऱ्या बायका तिला मोहाची फुलं आणून द्यायच्या. मागच्या खोलीत तिचं तांब्याचं भांडं चुलीवर असायचं. वास रस्त्यापर्यंत जायचा आणि तो कशाचा वास आहे हे आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. साहेबांनी भांडं उघडायला लावलं. भुआने वाटीत थोडा अर्क काढून त्यांच्यापुढे धरला. “पिईसन दखा, साहेब. चढनी तं लई जा माले.” त्यांतल्या एकाने वाटी नाकाशी नेली आणि खाली ठेवली. जाताना दुसऱ्याने हळूच ‘धनी’ची चौकशी केली.

शहरातली गिऱ्हाइकं वेगळी होती. गाडी करून मुद्दाम यायची. मिरच्यांचे, आमच्या पाटीचे फोटो काढायची. एक बाई भुआचे दोन्ही हात धरून म्हणाली, “तुम्ही किती धीट आहात, इतक्या लहान गावात राहून.” भुआने ऐकून घेतलं. त्या बाईला तिने घरी जेवायला बोलावलं. जेवताना भुआ आपल्या भावजयीला एका शब्दावरून टाकून बोलली, तेव्हा त्या धीटपणाचं कौतुक करणाऱ्या बाई ताटात बघू लागल्या आणि लवकर निघाल्या. “यासले उग्र वास पाह्यजे,” भुआ मला म्हणाली, “उग्र बाई नही.”

तिची माया एकीवरच होती. मोठ्या शेठची मुलगी निकिता. सगळे निकी म्हणायचे. शाळा सुटली की निकी दप्तरासकट भुआच्या दुकानात यायची, काउंटरवर पाय सोडून बसायची आणि बाटल्या मागायची. भुआ तिला कुठल्याच अत्तराला हात लावू देत नसे. “पहिले तुन्हा सोताना वास तं व्हऊ दे,” म्हणायची. पोरगी रुसायची. मग भुआ तिचे केस विंचरायची, मानेवर नाक टेकवायची आणि क्षणभर तशीच थांबायची. मला ते बघून उगाच गलबलायचं. तोवर मला त्यामागचं कारण कळलेलं नव्हतं.

ते मला पुढे, मी बरीच वर्षं काम केल्यावर कळलं. मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. त्यातल्या बाटल्या कधी विकल्या जात नसत. त्यांवर नाव नव्हतं. भुआ अधूनमधून दुपारी दार लोटून घ्यायची, त्यांत थेंबा-थेंबाने काही घालायची, हुंगायची आणि कपाट पुन्हा बंद करायची. एकदा मी विचारलं, हे कोणतं अत्तर? ती म्हणाली, “गुड्डी.” गुड्डी कोण, हे विचारल्यावर तिने हातातली काडी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. आवाज जराही न चढवता सांगितलं.

गुड्डी तिची धाकटी बहीण. नवापूरकडे एका कापडाच्या व्यापाऱ्याला दिलेली. त्यांच्यात जावयाला जंवाईसा म्हणतात. लग्नाला वर्ष होत होतं तेव्हा निरोप आला, स्टोव्हचा भडका उडाला, गुड्डी भाजली. भुआ आणि मोठे शेठ दवाखान्यात पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. जंवाईसा पायाशी उभे होते. गुड्डीने त्यांच्याकडे पाहिलं आणि स्टोव्हच फुटला असं सांगितलं. तेच कागदावर गेलं. पण भुआ उशाशी बसली होती. गुड्डीचे मागचे केस सगळे जळले नव्हते, मानेखाली दाबले गेले होते. त्यांत आदल्या सणाचा गजरा अडकलेला होता आणि तो गजरा घासलेटात भिजलेला होता. पुढ्यात ठेवलेला स्टोव्ह फुटला तर मानेमागचा गजरा कसा भिजेल? भुआने बाहेर येऊन भावाला हे सांगितलं. तोवर कुणीतरी कात्री आणून ते केस कापून टाकले होते.

मोठे शेठ तिला म्हणाले, “नाकाचा पुरावा कोर्टात चालत नाही.”

गुड्डी दुसऱ्या दिवशी गेली. सुतक, उठावण्याची शोकसभा, सगळं रीतसर झालं. वर्षाच्या आत त्याच जंवाईसांना भुआच्याच चुलत घरातली दुसरी मुलगी दिली. नातं टिकलं पाहिजे, पेठेत तोंड दाखवायचं आहे, असं सगळ्यांचं ठरलं. भुआला विचारलं नाही, कारण ती परत आलेली होती आणि परत आलेल्या बाईला विचारत नाहीत.

“मंग मी नाकलेच काम लायं,” भुआ म्हणाली. इतकी वर्षं ती कपाटात एकच वास जमवत होती. गजऱ्यातला मोगरा वर आणि घासलेट खाली. खरं घासलेट तिने कधी घातलं नाही, ते तिला हातात धरवत नसे. मग कुठून आणलं, मी विचारलं. तिने निशिगंधाच्या अर्काची बाटली माझ्या नाकाशी धरली. लग्नाच्या हारात असतो तोच निशिगंध. “नीट हुंग. हारमधला फुलना पोटमाच घासलेट शे. मी फक्त बाकीनं बाजूले करं.” मी हुंगलं. आधी गोड लागलं. मग खरंच तळाशी काहीतरी होतं. मला ते आधी कधी जाणवलं नव्हतं, आणि आता निशिगंधाचा हार गळ्यात घालताना मी श्वास रोखते.

करोनानंतर निकीचं लग्न ठरलं. मुलगा सुरतेचा, स्वभावाने शांत, घर चांगलं. स्थळ आणलं होतं जंवाईसांनी. मुलगा त्यांचा सख्खा भाचा होता.

भुआने भावाचा रस्ता अडवला. दुकानात, माझ्यासमोर. ती एरवी भावाशी त्यांच्या मारवाडी बोलीत बोलायची. त्या दिवशी ती अहिराणीत बोलली, शेजारच्या दुकानांनाही कळावं म्हणून. “एक पोर त्या घरमा मरनी. आते दुसरी देस?” मोठे शेठ म्हणाले, जुनी गोष्ट उकरू नकोस, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तेच सांगते आहे. ते निघून गेले. भुआने निकीलाही सांगून पाहिलं. निकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भुआ, तो मामा आहे त्यांचा. मुलगा वेगळा आहे. मी बोलले आहे त्याच्याशी.” तिचा चेहरा इतका आनंदी होता की भुआ पुढे काही बोलली नाही.

त्यानंतर ती एकदम निवळली. लग्नाच्या खरेदीत पुढे, पापड लाटण्यात पुढे. पाहुण्यांना परत जाताना देण्याची भेट माझ्याकडून, असं तिने भावाला सांगितलं. लहान बाटल्या मागवल्या, त्यांना लाल-पिवळा दोरा बांधला आणि सोनेरी अक्षरांत एकच नाव छापून घेतलं, ‘गुड्डी’. मोठ्या शेठनी ते वाचलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. “चांगलं केलंस,” म्हणाले. “तिची आठवण राहिली.” भुआ खाली बघून दोरे बांधत राहिली. बाटल्या तिने स्वतः भरल्या, मला झाकणंही लावू दिली नाहीत. मी एक उघडून पाहिली होती. मोगरा होता. कपाट मला आठवलं नाही असं नाही, पण लग्नघरात माणूस वाईट गोष्ट मनात आणत नाही.

लग्न दिवसाचं होतं. जेवणं सूर्यास्ताच्या आत आटपायची होती. भुआने भेट परतीच्या वेळी दिलीच नाही. मांडवाच्या दारातच उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला स्वतःच्या हाताने अत्तर लावलं, मग बाटली हातात दिली. वराकडची माणसं खूश झाली. केवढं अगत्य, असं एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. जंवाईसा आले, पांढरा सफारी, केस काळे केलेले, आता समाजात मोठं नाव. भुआने त्यांचा हात उलटा केला आणि इतरांपेक्षा जास्त वेळ चोळलं. त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं. खिशात घातली. त्यांची बायको मागे होती, तिच्या मनगटालाही भुआने लावलं.

फेरे झाले. लोक जेवायला बसले. ऊन चढलं होतं, मांडवात उकडत होतं आणि अंगावरचा मोगरा उडून गेला. आधी आचाऱ्यांच्या बाजूला गडबड झाली. कुठेतरी घासलेट सांडलंय, असं कुणी म्हणालं. आचारी म्हणाला, सगळं गॅसवर आहे, घासलेट आणणार कुठून? मग जनरेटरकडे माणसं धावली. पंगतीतून बायका उठल्या. आपापल्या मुलांना ओढून बाहेर न्यायला लागल्या. मांडवभर वास होता. कुणाला कळेना कुठून येतोय. मग एका मुलीने घाम पुसायला हात तोंडाशी नेला आणि किंचाळली. तिच्या आईने तिचं मनगट हुंगलं, मग स्वतःचं.

त्यानंतर मांडवात जे झालं ते मी विसरू शकत नाही. चारेकशे माणसं असतील. एकेक जण आपला हात नाकाशी नेत होता आणि खाली घेत होता. ज्यांना जुनं माहीत होतं त्यांनी बाटलीवरचं नाव वाचलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना शेजारच्यांनी कानात सांगितलं. जंवाईसा हात धुवायच्या टाकीपाशी गेले. साबण लावून धुतलं, पुन्हा धुतलं, मग पंच्याने खसाखसा पुसलं. त्यांच्या बायकोने मात्र हात धुतला नाही. ती खुर्चीवर बसून मनगट नाकाला लावून होती, बराच वेळ, डोळे मिटून.

निकी स्टेजवर होती. नवरीच्या गळ्यात निशिगंधाचा हार, आणि खाली सगळा मांडव घासलेटाचा. ती भुआकडे बघत होती. तिच्या सासूने पुढे येऊन तो हार काढला, लांब फेकून दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “शकुन तरी कोणता केला तुमच्या घराने.” विदाई घाईघाईत झाली. भुआ फाटकाशी उभी होती, पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला. निकी तिच्या जवळून गेली आणि गाडीत बसली. काच वर केली.

समाजाची बैठक बसली. भुआने माफी मागावी असं ठरलं. ती उभी राहून म्हणाली, “वास मन्हा नही. ज्याना शे त्याले इचारा.” तिथे जंवाईसा बसलेले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. पुढच्या कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत होते आणि त्यांच्या गळ्यात हार होता. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर काहीतरी होईल. कुणी तरी एक प्रश्न विचारेल. वास दोन दिवसांत गेला आणि त्याबरोबर तेही गेलं.

मोठ्या शेठनी दुकानाला कुलूप घातलं. पाटी काढून टाकली. भुआ एक पेटी घेऊन विसरवाडीला गेली. हायवेच्या कडेला, टायर पंक्चरच्या दुकानाशेजारी तिने एक गाळा घेतला. तिथे फिनेल, अगरबत्ती, ट्रकच्या काचेपुढे टांगायची सुवासिक पाकिटं असं विकायला लागली. स्वतःचं काही बनवलं नाही. मी महिन्या-दोन महिन्यांनी बसने जायची. ड्रायव्हर लोक तिला भुआच म्हणायचे. त्यांची मनगटं ती हुंगत नसे. डिझेलने सगळ्यांचा वास एकच झालाय, असं म्हणायची.

लग्नातली गोष्ट मुंबईपर्यंत पोचली होती. अत्तरांचा धंदा करणारे एक तरुण गृहस्थ तिला शोधत विसरवाडीला आले. त्यांना ‘गुड्डी’ हवं होतं. हजारो लोकांपर्यंत ही वेदना पोचली पाहिजे, असं ते म्हणाले. काळी बाटली, आत बहिणीचा फोटो, सोबत कहाणी छापलेलं कार्ड. भुआने त्यांना चहा पाजला. मग विचारलं, घेणारी बाई हे लावून कुठे जाईल? ते म्हणाले, पार्टीला, समारंभाला. “मन्ही बहीण इकानी नही,” भुआ म्हणाली आणि त्यांचा कप उचलून विसळायला गेली. ते गृहस्थ माझ्याकडे बघत होते, मी काही सांगेन म्हणून. 

निकीचं तिला सगळं कळत होतं, इकडून तिकडून. सुरतेत पोरीला घासलेटवाली म्हणतात, हे तिला एका नातेवाईक बाईने मुद्दाम येऊन सांगितलं. मला वाटलं, आता ही मोडेल. मी गेले तेव्हा ती फिनेलच्या बाटल्या पुसत होती. म्हणाली, “म्हनू दे. आते तिले कोनी हात लावाव नही. काडी पेटनी तरी सगळासना हात थरथरतीन.” मी विचारलं, तुम्ही हे आधीच ठरवलं होतं का, पोरीला वाचवायचं म्हणून? ती फडकं पिळत राहिली. पुढे तिने तेच वाक्य मला कितीतरी वेळा ऐकवलं, मी न विचारता. कोनी हात लावाव नही. ते ती मला सांगत नव्हती, हे मला उशिरा लक्षात आलं.

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ती गेली. शेवटी बोलण्याची ताकद नव्हती. एकदा तिने माझा हात ओढून मनगट नाकाशी नेलं, पण काही कळलं नसावं, कारण हात तसाच धरून ती माझ्याकडे बघत राहिली. मोठ्या शेठनी सगळं थाटात केलं. पेपरात फोटो आला. खाली ‘धर्मानुरागी, शांत स्वभावी’ असं छापलं होतं. उठावण्याला जंवाईसा आले होते आणि त्यांनी दोन शब्दही सांगितले. निकी आली नाही.

उन्हाळ्यात माझ्या नणंदेच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी सुरतेला गेले होते. निकीचा नंबर होता, फोन केला. तिने घरी बोलावलं. सातव्या मजल्यावरचं मोठं घर, स्वच्छ, थंड. निकी जाड झाली आहे. कपाळाजवळचे केस पिकायला लागले आहेत, वय काहीच नाही. सासू समोरच्या सोफ्यावर बसून होती. चहा बाईने आणला.

सासूचा फोन वाजला आणि ती आत गेली तेव्हा निकीने मला विचारलं, “शेवटी काही बोलली का भुआ?”

मी म्हणाले, “शेवटी बोलणं नव्हतं. पण आधी नेहमी तुझंच बोलायची. म्हणायची, आता पोरीला कुणी हात लावणार नाही.”

निकीने कप खाली ठेवला. मग मराठीतच, अगदी हळू बोलली, दाराकडे लक्ष ठेवून. “खरं आहे, ताई. आल्या दिवसापासून मला स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत. गॅस लावू देत नाहीत, देवाजवळ दिवासुद्धा लावू देत नाहीत. काही झालं तर लोक काय म्हणतील म्हणून. एकटीला खोलीत ठेवत नाहीत. रात्री सासू माझ्याजवळ झोपते. ते बाहेरच्या खोलीत.” तिने पुन्हा दाराकडे पाहिलं. “कुणी हात लावत नाही मला. कुणीच नाही.”

 मी म्हणाले, भुआने तुझ्यासाठीच केलं ते. तिला भीती वाटत होती.

“माझ्यासाठी केलं असतं तर मला आधी सांगितलं असतं,” निकी म्हणाली. “मी माझ्या लग्नात स्टेजवर उभी होते आणि सगळे लोक गुड्डीभुआला बघत होते. भुआसुद्धा.”

सासू परत आली. तिने रिकामे कप मोजल्यासारखे पाहिले आणि बाईला हाक मारली. निकीने मला फराळाचं घ्यायचा आग्रह केला, कोरीटच्या लोकांची चौकशी केली, माझ्या मुलीची केली. निघताना ती लिफ्टपर्यंत आली. सासू दारात उभीच होती.